पोकलेन, जेसीबी, क्रशर, जनरेटर: डिझेल इंजिनाबद्दल नाशिक जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मशीनमालक, ऑपरेटर आणि साइटवरच्या मेस्त्रींसाठी आहे. सिन्नरकडची खडी क्रशर, गोंद्याचे कारखाने, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा, लासलगाव-पिंपळगावचे कांदा यार्ड, आणि आता सिंहस्थासाठी शहराभोवती चाललेली रस्त्यांची कामं, सगळीकडे डिझेल इंजिन राबतंय. कामं वेगवेगळी असली तरी दुरुस्तीला येणारी बहुतेक इंजिनं एकाच कारणाने येतात: आत जाऊ नये ते गेलेलं असतं. हवेतून धूळ, डिझेलमधून पाणी, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. त्यामुळे खाली हा विषय पुन्हा पुन्हा येईल. तो आम्ही मुद्दामच आणलाय.

ट्रकचं इंजिन आणि पोकलेनचं इंजिन यांत फरक काय? सिलिंडर तेवढेच, लिटरही तेवढेच.

मूळ ब्लॉक कधी कधी खरोखर एकच असतो. फरक राबण्यात आहे. भरलेला ट्रक कसारा घाट चढताना पूर्ण ताकद लावतो, पण वर आल्यावर इगतपुरीपासून पुढे त्याला बरीच उसंत मिळते. पोकलेनला ती नाही. बकेट मातीत घुसली की लोड चढतो, रिकामी फिरली की उतरतो, मिनिटाला तीन-चार वेळा, आणि हे दिवसभर. अशा वेळी आरपीएम पडायला लागले की टॉर्क वाढून इंजिनाने लोड उचलून धरला पाहिजे. ऑफ-हायवे इंजिनाची ट्यूनिंग त्यासाठीच केलेली असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ट्रक पळतो, त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा मिळतो. पोकलेन जागच्या जागी उभं असतं, आणि रेडिएटरच्या शेजारी हायड्रॉलिक ऑइलचा कूलरही तापलेला असतो. सगळी भिस्त पंख्यावर. तिसरी गोष्ट उताराची: मशीन तिरकं उभं राहिलं तरी ऑइल पंपाला ऑइल मिळत राहावं, असा चेंबर या इंजिनांना दिलेला असतो. स्क्रॅपमधलं ट्रकचं इंजिन आणून पोकलेनला बसवणारे आहेत. फाउंडेशन जुळतं, मशीन सुरूही होतं, पण मे महिन्यात दुपारी तापतं आणि उतारावर ऑइल प्रेशर सोडतं. आमचा सल्ला साफ नकाराचा आहे.

एचपी, किलोवॅट, केव्हीए यांचा हिशेब कसा लावायचा?

१ एचपी म्हणजे साधारण ०.७५ किलोवॅट. जनरेटरचा केव्हीए आकडा ०.८ ने गुणला की किलोवॅट मिळतात, म्हणजे १२५ केव्हीएचा सेट १०० किलोवॅट वीज देतो. पण पाटीवरचा आकडा ‘प्राइम’ आहे की ‘स्टँडबाय’ हे आधी बघा. स्टँडबाय म्हणजे लाइट गेल्यावर तात्पुरता वापर, वर्षाला २०० तासांच्या आसपास. ज्या क्रशरवर महावितरणची लाइन पोचलेली नाही आणि सेट रोज दहा तास चालतो, तिथे प्राइम रेटिंगच धरायचं, आणि तेही दिवसाचा सरासरी लोड ७० टक्क्यांपर्यंत राहील असं. स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा हीच मेख असते.

क्रशरची मोटर डायरेक्ट स्टार्ट केली तर सुरुवातीला चालू करंटच्या सहापट करंट ओढते. सेट मोठा घेण्यापेक्षा सॉफ्ट स्टार्टर बसवणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

स्टेज ४, स्टेज ५, सीपीसीबी ४ प्लस ही काय भानगड आहे? माझ्या मशीनला कोणतं लागू?

धुरातून बाहेर पडणारी काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड किती असावेत, याच्या या सरकारी मर्यादा आहेत. बांधकामाच्या मशीनना स्टेज ४ हे १ एप्रिल २०२१ पासून आणि स्टेज ५ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू झालं. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम ४ हे १ जानेवारी २०२३ पासून आलं. ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना सीपीसीबी ४ प्लस १ जुलै २०२३ पासून लागू झालं आणि जुना माल विकायला ३० जून २०२४ पर्यंत मुदत मिळाली.

स्टेज ४ ची रेषा ३७ किलोवॅटला होती, म्हणजे जवळपास ५० एचपी. म्हणूनच त्या काळात ४९ एचपीच्या बॅकहो लोडरची बाजारात गर्दी झाली. अशी मशीन वाईट नसतात, साधी असल्याने गावातल्या मेस्त्रीलाही जमतात. पण ७४ एचपीच्या मशीनचं काम त्यांच्याकडून काढलं तर दोन वर्षांत इंजिन थकतं. स्टेज ५ मध्ये काजळीच्या कणांची संख्याही मोजतात, आणि तिथेच डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, आली.

नियम नव्याने तयार होणाऱ्या मशीनला लागू होतात. तुमच्या २०१६ च्या मशीनला आता डीपीएफ लावायची गरज नाही. फक्त एखाद्या मोठ्या कामाच्या टेंडरमध्ये मशीनच्या स्टेजची किंवा वयाची अट असू शकते, ती वाचून घ्या.

डीपीएफचा दिवा लागला की ऑपरेटर बटण दाबून तो बंद करतो. चालेल का?

नाही. डीपीएफ ही सायलेन्सरच्या जागी बसलेली काजळीची गाळणी आहे. साचलेली काजळी अधूनमधून आतच जाळून टाकावी लागते. त्यालाच रीजनरेशन म्हणतात, ऑपरेटर नुसतं ‘रीजन’ म्हणतात. त्या वेळी आतलं तापमान ५५० ते ६०० अंशांवर जातं. मशीनवर लोड चांगला असेल तर बरंचसं काम चालता चालता होऊन जातं. दिवसभर हलकं काम आणि आयडलिंग (लोडशिवाय नुसतं चालू ठेवणं) असेल तर काजळी साचते आणि मशीन स्वतःहून रीजन मागतं. ऑपरेटरने दर वेळी ‘नंतर’ केलं की शेवटी ताकद कापली जाते, मशीन रांगायला लागतं आणि सर्व्हिसवाल्याला लॅपटॉप घेऊन यावं लागतं.

रीजन चालू असताना मशीन वाळलेल्या गवतात किंवा उसाच्या पाचटाजवळ उभं करू नका. मुरमावर, मोकळ्या जागेत घ्या आणि पूर्ण होईपर्यंत चावी फिरवू नका.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते, म्हणून या इंजिनांना कमी राखेचं सीके-४ दर्जाचं ऑइल लागतं. गोडाऊनमध्ये उरलेलं जुन्या ग्रेडचं ऑइल ‘संपवायचं’ म्हणून यात ओतू नका.

डीईएफ म्हणजे युरियाचंच पाणी ना? मग शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकला तर?

हा प्रश्न आम्हाला जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून सर्वांत जास्त येतो आणि तो विचारणं चुकीचं नाही, कारण डीईएफमध्ये खरोखरच ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. पण तो युरिया वेगळ्या शुद्धतेचा असतो. शेतीचा युरिया आपल्याकडे २०१५ पासून निंबोळी तेल लावलेला येतो. ते तेल, खतातला बाययुरेट आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार एससीआरच्या, म्हणजे डीईएफ फवारून धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणाऱ्या भागाच्या, आत जाऊन बसतात. आधी डोसिंग नोझल चोंदतं, मग कॅटॅलिस्ट निकामी होतो. दोन्हींची किंमत वर्षभराच्या डीईएफपेक्षा कितीतरी जास्त आहे.

डीईएफ लागतं तरी किती? डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के. २०० लिटर डिझेलमागे फार तर १२ लिटर. कॅन सावलीत ठेवा, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेलं डीईएफ लवकर खराब होतं. डीईएफचं फनेल वेगळं ठेवा, त्यातून डिझेल किंवा ऑइल कधी ओतू नका. आणि चावी बंद केल्यावर लगेच बॅटरीचा कटऑफ ओढू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. पंप तेवढ्या वेळात पाइपमधलं डीईएफ मागे ओढून घेतो. नाहीतर ते तिथेच सुकून पांढरी खार धरते.

एअर फिल्टर रोज झटकतो, तरी इंजिन ऑइल खायला लागलं. असं कसं?

रोज झटकतो, म्हणूनच. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चार लिटरचं टर्बो इंजिन पूर्ण वेगाने चालताना मिनिटाला साडेसहा-सात हजार लिटर हवा ओढतं. क्रशरच्या आवारात त्या हवेत काळ्या दगडाची भुकटी असते, आणि ती लाइनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टरचा कागद हे सगळं अडवतो. नवीन फिल्टरपेक्षा थोडा धूळ धरलेला फिल्टर उलट जास्त बारीक गाळतो. पण तुम्ही तो टायरवर आपटला की घडीचा कागद डिंकापासून सुटतो, रबरी सील वाकडं होतं. डोळ्यांना काही दिसत नाही. धुळीला मात्र केसाएवढी फटही पुरते.

पुढचं पाऊल आम्ही साइटवर नेहमी पाहतो. कॉम्प्रेसरची नळी थेट फिल्टरवर धरतात, सात-आठ बारचं प्रेशर, तेही बाहेरून आत. बाहेरची धूळ कागदाच्या आरपार आतल्या बाजूला जाते आणि मशीन सुरू केलं की थेट टर्बोत. हवा मारायचीच असेल तर प्रेशर दोन बारच्या आत, नळी लांब, आणि दिशा आतून बाहेर. मग फिल्टरमध्ये दिवा धरून अंधारात बघा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर भंगारात.

फिल्टर बदलायचा कधी हे फिल्टरकडे पाहून ठरवू नका, इंडिकेटर बघा. एअर क्लीनरवर किंवा पाइपवर छोटी काचेची नळी असते, ती लाल झाली की बदला. डॅशबोर्डवर दिवा असेल तर तो. हिरवं आहे तोवर झाकणच उघडू नका. दर वेळी झाकण उघडताना कडेची थोडी धूळ आत पडतेच. धूळ बाहेर टाकणारा खालचा रबरी व्हॉल्व मात्र रोज दाबा.

आतला छोटा फिल्टर, ज्याला सेफ्टी म्हणतात, तो कधीच साफ करायचा नाही. बाहेरचा फिल्टर तीनदा बदलला की आतला एकदा नवा टाकायचा. काहीजण पैसे वाचवायला आतला काढून ठेवतात. मशीन ‘मोकळा श्वास घेतं’ असंही सांगतात. तो श्वास काही हजार तासांत हाफ इंजिनचं, म्हणजे लाइनर-पिस्टन-रिंग बदलण्याचं, बिल आणतो.

फिल्टर ठीक असूनही ऑइल खात असेल तर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज तपासा. क्लिपच्या खाली चीर गेलेली असते. होज काढून आत बोट फिरवा. बोटाला कोरडी धूळ लागली तर कारण सापडलं.

डिझेल बॅरलमध्ये आणून साइटवर ठेवतो. काय काळजी घ्यावी?

आधी कायदा. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत साठा, आणि त्यातलं कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. त्यावर लागतो.

आता इंजिनाचं. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, ते १,६०० ते २,००० बारच्या दाबाने नोझलमधून सुटतं. इंजेक्टरच्या आत सरकणाऱ्या भागांमधली फट दोन ते चार मायक्रॉन असते, माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. जुना इनलाइन पंप बारीक कचरा पचवून घ्यायचा, हा पचवत नाही. आणि पाणी गेलं तर एवढ्या दाबाखाली इंजेक्टरच्या टोकाची धातू झिजते, गंज धरतो.

पाणी येतं कुठून? पंपावरून कमी, बॅरलमधून जास्त. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापून हवा बाहेर जाते, रात्री थंड होऊन बुचाच्या आट्यांमधून तेच पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट असलं तरी हे होतं. इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला जून ते सप्टेंबर हीच तक्रार येते. बॅरल शेडखाली ठेवा. उघड्यावर ठेवणं भाग असेल तर तिरका करा, म्हणजे बुचावर पाणी थांबणार नाही. हातपंपाची नळी तळापासून चार इंच वर राहील अशी कापा आणि तळातलं डिझेल मशीनला घालू नका. जस्त चढवलेली म्हणजे गॅल्व्हनाइज्ड टाकी डिझेलला वापरू नका, जस्ताची डिझेलशी क्रिया होऊन फिल्टर चोंदतात.

मशीनची टाकी सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं. आणि सकाळी सेल मारायच्या आधी डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या खालचा नळ सोडून पारदर्शक बाटलीत अर्धा कप डिझेल काढा. तळाला पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. नवीन डिझेल फिल्टर बसवताना त्यात वरून डिझेल भरायचं नाही, हँड प्राइमरने भरायचं. वरून ओतलेलं डिझेल न गाळताच पुढे जातं.

बीएस-६ डिझेल ‘कोरडं’ असतं म्हणे. जुन्या पंपासाठी टू-टी ऑइल किंवा रॉकेल मिसळावं का?

एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरं, पण रिफायनरी त्यासाठी अॅडिटिव्ह घालूनच ते बाहेर सोडते आणि मानकातही त्याची चाचणी आहे. जुन्या इंजिनाला वरून काही लागत नाही. डीपीएफ असलेल्या मशीनमध्ये टू-टी ऑइल घातलं तर राख वाढते. रॉकेल मात्र खरोखर वंगण कमी करतं, शिवाय भेसळ म्हणून गुन्हा आहे तो वेगळाच. ‘बायोडिझेल’ म्हणून कमी भावात टँकरने येणारा माल घेऊ नका.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर काय बिघडतं? पूर्वी सगळे तेच घालायचे.

पूर्वीही बिघडायचं. आपल्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बॉयलरला जशी खार धरते तशी ती हेडच्या आत, नेमकी सर्वांत तापणाऱ्या जागी, व्हॉल्वच्या सीटमध्ये धरते. काटा नॉर्मल दाखवतो आणि हेडला चीर जाते.

त्याहून कमी लोकांना माहीत असलेला प्रकार लाइनरचा आहे. मोठ्या इंजिनांत लाइनरच्या बाहेरून पाणी फिरतं. पिस्टन खाली-वर होताना एका बाजूला ठोका देतो, लाइनर थरथरतो, आणि त्या थरथरीने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन लाइनरवरच फुटतात. प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उडवतो. उघडलेल्या इंजिनाचा लाइनर हातात घेतला तर एका उभ्या पट्ट्यात सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात, बाकी लाइनर नव्यासारखा. एखादं भोक आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसतो, आणि बेअरिंगही जातात. कूलंटमधली रसायनं लाइनरवर पातळ थर धरून हे रोखतात. म्हणून कूलंट हे केवळ थंडीसाठी किंवा गोठू नये म्हणून नसतं, नाशिकच्या उन्हाळ्यातही ते हवंच.

तयार मिक्स कूलंट घ्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करा. साइटवर पाच लिटर कॅन कायम ठेवा. गळतीच्या वेळी हाताशी नसतं, म्हणूनच हँडपंपाचं पाणी आत जातं.

इंजिन ऑइल कधी बदलायचं?

मशीनच्या पुस्तकात असेल त्या तासांना, बहुतेक २५० किंवा ५००. धुळीच्या किंवा सतत फुल लोडच्या जागी ५०० चे २५० करा. ऑइल काळं झालं म्हणून बदलू नका. डिझेल इंजिनातलं ऑइल पहिल्या काही तासांतच काळं पडतं, काजळी उचलणं हे त्याचं कामच आहे. पाच-सहा मशीन असतील तर वर्षातून दोनदा ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. त्यात सिलिकॉन वाढला तर धूळ जातेय, सोबत लोखंड वाढलं तर ती लाइनर घासतेय. इंजिन न उघडता एवढं कळणं ही फार मोठी सोय आहे आणि आपल्याकडे ती फारच थोडे वापरतात.

जेवणाच्या सुट्टीत मशीन चालूच ठेवतात. किती डिझेल जातं?

७४ एचपीच्या बॅकहोचं आयडलिंग तासाला दीड लिटर धरा. दिवसाला दोन तास, महिन्याला २५ दिवस, वर्षाला ९०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ८१ हजार. वर ६०० तास मीटरवर चढतात, म्हणजे दोन जास्तीच्या ऑइल सर्व्हिस, आणि विकताना भाव कमी. ऑपरेटरला दोष देऊ नका, पत्र्याच्या केबिनमध्ये ४१ अंशांत बसून दाखवा. सावलीची सोय करा, तो मशीन बंद करेल.

टर्बो असलेलं इंजिन लोडवरून एकदम बंद मात्र करायचं नाही. तीन ते पाच मिनिटं आयडल, मग चावी. ऑइल थांबलं आणि टर्बो लाल असला की शाफ्टवर ऑइल जळून कोळसा होतो.

जनरेटर मोठा घेतला, तरी सायलेन्सरमधून काळं ऑइल गळतं. इंजिन गेलं का?

बहुधा मोठा घेतला म्हणूनच गळतंय. ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर सेट तासन्‌तास चालला तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि तेच ओलं होऊन सायलेन्सरकडे येतं. आठवड्यातून एकदा ७०-८० टक्के लोडवर तासभर चालवून बघा. ते थांबलं तर इंजिन ठीक आहे. १२५ केव्हीएचा सेट ७५ टक्के लोडवर तासाला वीस-एकवीस लिटर डिझेल घेतो. तुमचा निम्मंच घेत असेल तर सेट गरजेपेक्षा मोठा आहे.

धुराच्या रंगावरून काय ओळखायचं?

काळा: हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर, मग टर्बोचे होज, मग नोझल. निळसर: ऑइल जळतंय, रिंग, व्हॉल्व सील किंवा टर्बो. पांढरा सकाळी दोन मिनिटं आला आणि गेला तर काळजी नको. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर मशीन चालवू नका.

निफाडला पहाटे इंजिन सुरू होत नाही, दुपारी होतं.

निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो. आपल्या मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं, उन्हाळी डिझेलसाठी ही मर्यादा १८ अंश आहे. तुमच्या बॅरलमध्ये दिवाळीआधीचं डिझेल पडून असेल तर त्यात मेण धरतं. जुना साठा नोव्हेंबरपर्यंत संपवा. डिझेल ताजं असेल तर बॅटरी आणि ग्लो प्लग किंवा हीटर तपासा. चिंधी पेटवून इनटेकसमोर धरणं आणि इथरचा स्प्रे मारणं बंद करा. हीटर चालू असताना इथर मारल्याने स्फोट होऊन पिस्टन फुटलेले आहेत.

नाशिक उंचावर आहे, ताकद कमी होते का?

सहाशे मीटरच्या आसपास उंची आहे. बिनटर्बोचं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का गमावतं, टर्बोला इथे जाणवणारही नाही. आपला खरा शत्रू मे महिना आहे.

द्राक्षबागेत ब्लोअर चालवताना छोटा ट्रॅक्टर तापतो.

रेडिएटरच्या जाळीत बघा. औषधाच्या फवाऱ्याने ओली झालेली जाळी, त्यावर धूळ आणि वाळलेला पाला, असा थर बसतो आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा, पत्त्या वाकवू नका. कांद्याच्या यार्डातल्या लोडरला टरफलांमुळे हेच होतं, तिथे तर दिवसातून दोनदा झटकावं लागतं. धुताना वायरिंगच्या सॉकेटवर आणि अल्टरनेटरवर पाण्याचा झोत मारू नका.

बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी काढायलाच हवी का?

कॉमन रेल मशीनला हो. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, सॉकेट सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेपासून हातभर अंतरात लावा. अर्थ चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावली तर करंट मधल्या बेअरिंगांतून आणि वायरिंगमधून जातो.

सेकंड-हँड मशीन घेताना इंजिन कसं पाहावं?

समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आता ‘समृद्धीच्या कामावर होतं’ असं सांगून मशीन दाखवणारे भेटतात. काम मोठं होतं एवढ्याने मशीन चांगलं किंवा वाईट ठरत नाही.

सकाळी न सांगता जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन कसं उचलतं ते बघा. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढून नुसतं वर ठेवा. ते नाचलं किंवा उडालं तर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांजवळून खाली निसटणारा गॅस, जास्त आहे, रिंग-लाइनरचा खर्च भावातून वजा करा. एअर क्लीनरच्या पुढचा होज काढून आत बोट फिरवा, वर सांगितलं तसं. कूलंटचा रंग पाहा, तांबूस पाणी असेल तर आतली अवस्था समजून घ्या. तासांचं मीटर बदललेलं असू शकतं, पण कॉमन रेल इंजिनात ईसीएमही तास मोजतं. लॅपटॉप लावून ते वाचा आणि मीटरशी ताडून पाहा. डीपीएफ किंवा एससीआर काढून आत नुसता पाइप टाकलेला नाही ना, हेही बघा. काढलेला असेल तर ते मशीन घेऊ नका.

इंजिन किती तास चालतं? हाफ इंजिन करावं की फुल?

मधल्या आकाराचं इंजिन नीट सांभाळलं तर आठ-दहा हजार तास न उघडता चालतं, मोठी त्याहून जास्त. क्रशरवर चार हजारांत उघडावं लागलेलंही पाहतो, आणि त्यामागे जवळजवळ नेहमी हवेची बाजू असते.

लाइनर-पिस्टन-रिंग गेले आणि ऑइल प्रेशर चांगलं असेल तर हाफ इंजिन पुरतं. प्रेशर गरम असताना पडत असेल तर क्रँक आणि बेअरिंग बघितल्याशिवाय जोडू नका. इंजेक्टर मात्र दोन्ही वेळा बेंचवर तपासून घ्या. बॉशचा, म्हणजे जुन्या लोकांच्या मायकोचा, कारखाना सातपूरला असल्याने नोझल-पंपाची नजर असलेले हात नाशिकमध्ये आहेत, त्याचा फायदा घ्या. कॉमन रेल इंजेक्टर दुरुस्त केला की त्याचा नवा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. कोड न भरता बसवलं तर इंजिन धूर सोडतं आणि दोष नव्या लाइनरवर येतो.

मशीन साइटवर बंद पडलं. फोन करताना काय सांगावं?

इंजिनचा नंबर (ब्लॉकवरच्या पाटीचा फोटो पाठवा), मीटरचे तास, डॅशबोर्डवरचा कोड जसाच्या तसा, आणि बंद पडण्याआधी दहा मिनिटांत काय झालं ते: आवाज, धूर, दिवा, ताकद. शेवटचं डिझेल कुठून भरलं आणि फिल्टर कधी बदलले तेही सांगा. ‘सेल फिरतो पण उचलत नाही’ आणि ‘सेलच फिरत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्याप्रमाणे माणूस वेगळं सामान घेऊन निघतो. तोपर्यंत इंजेक्टरचे पाइप ढिले करून एअर काढायचा प्रयत्न करू नका. जुन्या पंपावर ते चालायचं. कॉमन रेलच्या दाबात सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसली तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरांना ‘प्रेशरने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.